मार्कर पॉझिटिव्ह आला म्हणजे स्टेम सेल मिळाली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऊतीत असंख्य पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्यातल्या स्टेम सेल ओळखायच्या कशा आणि वेगळ्या काढायच्या कशा? सीडी३४, सीडी९० अशा मार्करच्या रंगीत अँटीबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, पॉझिटिव्ह आलेल्या पेशींना प्रबंधात स्टेम सेल म्हणता येईल का? आणि छोट्या प्रयोगशाळेत, सॉर्टर (हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारं यंत्र) हाताशी नसताना, यातलं काय जमण्यासारखं आहे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही म्हणता येणार, निदान तेवढ्यावरून तरी नाही.

स्टेम सेल ठरते ती तिच्या कामावरून. ती स्वतःसारखी पेशी पुन्हा तयार करते आणि त्या ऊतीतल्या निरनिराळ्या पेशींनाही जन्म देते. ही दोन्ही कामं एकाच पेशीने केलेली दिसली पाहिजेत आणि ती दीर्घकाळ चाललेली दिसली पाहिजेत. मार्कर म्हणजे पेशीतलं, बहुधा तिच्या पृष्ठभागावरचं, एखादं प्रथिन. खाकी कपडे घातलेला प्रत्येक जण पोलीस नसतो, तसंच हे. माणसाच्या रक्ताच्या स्टेम सेलवर सीडी३४ असतो, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवरही तोच असतो. त्यामुळे चरबी, हिरडी, त्वचा, रक्तवाहिन्या असलेला कुठलाही तुकडा घ्या, सीडी३४ शोधलात तर काहीतरी पॉझिटिव्ह मिळणारच.

म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करा. पेशीने काय करून दाखवलं म्हणजे तुम्ही तिला स्टेम सेल मानणार, हे आधी ठरवा. मग त्या चाचणीला धडधाकट जिवंत पेशी कशा पुरवायच्या ते पाहा. अँटीबॉडीची ऑर्डर सगळ्यात शेवटी. बहुतेक विद्यार्थी नेमकं उलटं करतात, कारण अँटीबॉडीचं पॅनेल एखाद्या पेपरमधून तयार उचलता येतं.

रक्ताच्या बाबतीत हे शास्त्र याच क्रमाने पुढे गेलं. १९६१ मध्ये टोरंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी उंदरांना किरणोत्सर्ग देऊन त्यांची अस्थिमज्जा निकामी केली आणि दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी शिरेतून सोडल्या. दहा-बारा दिवसांत प्लीहेवर छोट्या गाठी दिसू लागल्या आणि जितक्या पेशी जास्त सोडल्या तितक्या गाठी जास्त आल्या. १९६३ मध्ये अँड्र्यू बेकर यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की एका गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीची संतती आहेत. त्यासाठी त्यांनी किरणोत्सर्गामुळे गुणसूत्रांत झालेल्या वेगळ्या बदलांचा खुणेसारखा उपयोग केला. ती मूळ पेशी दिसते कशी, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. गाठी करणाऱ्या बहुतेक पेशी या खऱ्या दीर्घायुषी स्टेम सेल नसून त्यांच्या पुढच्या टप्प्यातल्या प्रोजेनिटर आहेत, हेही पुढे कळलं. पण कामावरून पेशी मोजायची रीत पडली ती तिथून.

पृष्ठभागावरच्या मार्करवरून उंदराच्या रक्ताची स्टेम सेल बऱ्यापैकी शुद्ध स्वरूपात वेगळी काढली गेली ती १९८८ मध्ये, स्टॅनफर्डला अर्व्हिंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेत. पक्व पेशींचे मार्कर नसलेल्या, थाय-१ कमी असलेल्या आणि स्का-१ असलेल्या पेशी त्यांनी सॉर्ट केल्या. आज उंदरासाठी नेहमीचा गेट, म्हणजे पेशी निवडायची चौकट, अशी: लिनिएज निगेटिव्ह (पक्व पेशींचे मार्कर नसलेल्या), स्का-१ पॉझिटिव्ह, सी-किट पॉझिटिव्ह. आणि त्यात २००५ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने भर घातलेली जोडी, सीडी१५० पॉझिटिव्ह व सीडी४८ निगेटिव्ह. या गेटमधली एकेक पेशी एकेका उंदरात सोडली तेव्हा जवळपास निम्म्या उंदरांत तिने दीर्घकाळ रक्त तयार केलं. मार्करवर भरवसा ठेवायचा तो अशा आकड्यामुळे. तुमच्या ऊतीसाठी, तुमच्या मार्करसाठी असा आकडा कुणी काढलाय का, हे आधी शोधा.

आणि मार्कर एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात जसाच्या तसा नेता येत नाही. माणसाची रक्ताची स्टेम सेल सीडी३४ पॉझिटिव्ह आणि सीडी३८ निगेटिव्ह असते. प्रौढ उंदराची मात्र सीडी३४ जवळजवळ नसलेली असते. हे १९९६ मध्ये जपानमधल्या गटाने एकेका पेशीचं प्रत्यारोपण करून दाखवलं. उंदराच्या जातीनेही फरक पडतो. स्का-१ चा गेट सी५७ ब्लॅक ६ मध्ये छान बसतो, बाल्ब-सी मध्ये स्टेम सेलवर स्का-१ इतका कमी असतो की त्याच गेटमध्ये हाती फारसं काही लागत नाही. उंदराला संसर्ग झाला असेल किंवा इंटरफेरॉन वाढलं असेल तर एरवी स्का-१ नसलेल्या पेशींवरही तो चढतो. म्हणजे आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांची तुलना त्याच एका गेटने केली तर ‘स्टेम सेल वाढल्या’ असा खोटा निष्कर्ष सहज निघतो. असे निष्कर्ष छापूनही येतात.

आता हाताच्या कामाकडे.

रक्त आणि मज्जा यांत पेशी आधीच सुट्या असतात. मांडीचं हाड दोन्ही टोकांना कापून सुईने बफर सोडला की मज्जा बाहेर येते. घन ऊतीत खरा घोळ सुरू होतो तो पेशी सुट्या करताना. कोलॅजिनेझ, डिस्पेज, ट्रिप्सिन या एन्झाइमनी ऊती विरघळते, पण ज्या प्रथिनावर तुमची अँटीबॉडी बसणार तेही कापलं जाऊ शकतं. ट्रिप्सिन यात सगळ्यात बदनाम. कोलॅजिनेझच्या लॉटमध्येही इतर प्रोटिएझची (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची) भेसळ कमीजास्त असते, त्यामुळे मागच्या लॉटला चाललेलं पुढच्या लॉटला चालेलच असं नाही. यावर एक स्वस्त कंट्रोल आहे. ज्या पेशींवर तो मार्कर नक्की असतो, उदाहरणार्थ रक्तातल्या किंवा प्लीहेतल्या पेशी, त्यांना तुमच्याच एन्झाइममध्ये तितकाच वेळ, तितक्याच तापमानाला ठेवा आणि न ठेवलेल्या पेशींच्या शेजारी स्टेन करा. सिग्नल कमी झाला तर तुमच्या ऊतीतल्या ‘निगेटिव्ह’ पेशींवर विश्वास ठेवू नका. फार थोडे लोक हा कंट्रोल लावतात.

दुसरं म्हणजे पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए बाहेर पडतो आणि सगळं मिश्रण नाकातल्या शेंबडासारखं चिकट होतं. त्यासाठी डीएनेझ, म्हणजे डीएनए कापणारं एन्झाइम, घालतात. पण डीएनेझला मॅग्नेशियम लागतं आणि कोलॅजिनेझला कॅल्शियम. त्यामुळे पचन चालू असताना बफरमध्ये ईडीटीए (हे धातू बांधून ठेवणारं रसायन) असता कामा नये. ते नंतर धुताना घाला, पेशी पुन्हा चिकटू नयेत म्हणून. आतड्यासाठी उलट रीत आहे. तिथे ईडीटीएनेच सुरुवात करतात, कारण अस्तराची पकड सोडवून क्रिप्ट (अस्तरातले खोल खळगे) अख्खे बाहेर काढायचे असतात आणि खालची संयोजी ऊती तशीच राहिलेली हवी असते.

स्टेनिंग करताना लक्षात ठेवा की तुम्ही दुर्मिळ गोष्ट शोधताय. समजा तुमची पेशी दहा हजारांत एक आहे आणि तुमच्या गेटमध्ये चुकून शिरणाऱ्या पेशींचं प्रमाण फक्त ०.१ टक्का आहे. ऐकायला उत्तम. पण ०.१ टक्का म्हणजे दहा हजारांत दहा. गेटमधल्या अकरा पेशींत एक खरी आणि दहा भुरट्या. या भुरट्यांत मोठा वाटा मेलेल्या पेशींचा असतो, कारण त्या कुठलीही अँटीबॉडी धरून ठेवतात. म्हणून मेलेल्या पेशींत शिरणारा डापी किंवा ७-एएडी यांसारखा रंग हवाच. उरलेल्यांत एकमेकींना चिकटलेल्या जोड्या असतात. एका पेशीवर एक मार्कर, शेजारणीवर दुसरा, आणि यंत्राला दिसते दोन्ही मार्कर असलेली एकच अपूर्व पेशी. फॉरवर्ड स्कॅटरच्या, म्हणजे पेशीवरून समोर विखुरलेल्या प्रकाशाच्या, सिग्नलचं क्षेत्रफळ विरुद्ध उंची हा आलेख काढून त्या वगळाव्या लागतात. जे मार्कर नकोच आहेत त्यांच्या अँटीबॉडी सगळ्या एकाच रंगात घ्या, मेलेल्या पेशींचा रंगही त्याच चॅनेलला जुळवा, आणि तो अख्खा चॅनेल फेकून द्या. गेटची रेघ कुठे ओढायची ते आयसोटाइप कंट्रोलवरून (तशाच पण मार्करला न बसणाऱ्या अँटीबॉडीवरून) ठरवू नका; बाकी सगळे रंग घालून फक्त एक रंग वगळलेली नळी, म्हणजे एफएमओ, हा कंट्रोल ठेवा.

सॉर्टरचा वेळ महाग असतो, तेव्हा थोडा हिशेब करू. एका उंदराच्या मांड्या आणि नडग्यांतून काही कोटी पेशी निघतात; पाच कोटी धरू. सेकंदाला दहा हजार पेशी या वेगाने त्या सॉर्टरमधून काढायला दीड तासाच्या आसपास लागतो, आणि हाती येतात जेमतेम काही हजार. म्हणून आधी चुंबकीय कणांनी गर्दी कमी करतात. पक्व पेशींना कण चिकटवून त्या कॉलममध्ये अडकवायच्या आणि निसटलेल्या घ्यायच्या, किंवा सी-किट असलेल्या अडकवून ठेवायच्या. चुंबकाला ‘जास्त’ आणि ‘कमी’ यातला फरक नीट करता येत नाही, एकावेळी चार-पाच मार्करही पाहता येत नाहीत. त्यामुळे तो गर्दी हटवण्यापुरता. माणसाच्या उपचारासाठी सीडी३४ पेशी वेगळ्या काढताना मात्र चुंबकच वापरतात, कारण तिथे पेशी भरपूर लागतात आणि सगळं बंद, निर्जंतुक संचात करावं लागतं. सॉर्ट झाल्यावर थोड्या पेशी पुन्हा यंत्रातून काढून शुद्धता तपासा आणि तो आकडा लिहा.

मग खरी परीक्षा. रक्तासाठी ती म्हणजे किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरात प्रत्यारोपण. दाता सीडी४५.१ आणि ग्राहक सीडी४५.२ (एकाच प्रथिनाची दोन रूपं) असा घेतला की कुणाचं रक्त कुठलं ते अँटीबॉडीवरून कळतं. चार आठवड्यांनी दात्याच्या पेशी दिसल्या तर हुरळून जाऊ नका. तेवढं काम प्रोजेनिटरही करतात. सोळा आठवड्यांनंतरही टी, बी आणि मायलॉइड या तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी दिसल्या पाहिजेत, आणि त्या उंदराची मज्जा दुसऱ्या उंदरात घातल्यावर तिथेही रक्त तयार झालं पाहिजे. किती पेशींत एक खरी, हे मोजायला वेगवेगळ्या उतरत्या संख्येने पेशी सोडतात. ज्या संख्येला ३७ टक्के उंदरांत काहीच उगवत नाही, त्या संख्येत सरासरी एक स्टेम सेल आहे असं पॉइसाँच्या संभाव्यतेच्या गणितावरून निघतं. हेच गणित प्राण्यांशिवाय, ९६ खणांच्या प्लेटमध्ये कॉलनी (एका पेशीपासून वाढलेले पुंजके) मोजतानाही चालतं. छोट्या प्रयोगशाळेला यासारखं दुसरं साधन नाही.

प्रत्यारोपणाला एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. पेशीला घरातून उपटून उद्ध्वस्त जागी नेऊन टाकलं तर ती काय करू शकते, एवढंच त्यातून कळतं. घरी असताना ती रोज काय करते ते कळत नाही. त्यासाठी वंशमाग काढावा लागतो, म्हणजे पेशीला जागेवरच खूण करून तिची संतती शोधावी लागते, आणि त्याचं माझ्या मते सर्वांत देखणं उदाहरण आतड्याचं आहे.

उंदराच्या लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. क्रिप्टच्या तळाशी, पॅनेथ नावाच्या पक्व पेशींच्या फटीत दबलेल्या सडपातळ पेशी चेंग आणि लेब्लाँ यांनी १९७४ मध्येच दाखवल्या होत्या आणि याच स्टेम सेल असाव्यात असं म्हटलं होतं. पण बरीच वर्षं अनेकांचं लक्ष तळापासून चौथ्या जागेवरच्या, सावकाश विभागणाऱ्या पेशींवर राहिलं. २००७ मध्ये निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने एलजीआर५ या जनुकाच्या जागी एक हिरवं प्रथिन आणि टॅमॉक्सिफेन या औषधाने जागं होणारं क्रे एन्झाइम बसवलेला उंदीर तयार केला. टॅमॉक्सिफेन दिलं की त्या क्षणी एलजीआर५ चालू असलेल्या पेशीत कायमची निळी खूण उमटते, जी तिच्या सगळ्या संततीत जाते. दुसऱ्या दिवशी तळाशी एखाददुसरी निळी पेशी. पाचव्या दिवसापर्यंत तिथून निघून व्हिलसवर (अस्तराच्या बोटासारख्या उंचवट्यावर) चढत गेलेली निळी पट्टी. आणि साठ दिवसांनीही ती पट्टी तिथेच, तिच्यात आतड्याच्या अस्तराचे निरनिराळे पेशीप्रकार हजर. तीन-पाच दिवसांत सगळं बदलणाऱ्या अस्तरात साठ दिवस टिकलेली खूण म्हणजे मूळ पेशी अजून तिथेच आहे याचा पुरावा. दोन वर्षांनी तोशिरो सातो यांनी अशी एकेक पेशी मॅट्रिजेल या जेलमध्ये ईजीएफ, नॉगिन आणि आर-स्पाँडिन या प्रथिनांसोबत वाढवून तिच्यातून क्रिप्ट आणि व्हिलससारखी रचना असलेले ऑर्गॅनॉइड, म्हणजे बशीत वाढवलेले अवयवाचे छोटे नमुने, केले.

सॉर्ट करणाऱ्याने इथे दोन गोष्टी टिपाव्यात. हिरवं प्रथिन विभाजनानंतर मुलींमध्येही वाटलं जातं, त्यामुळे फिकट हिरव्या पेशी म्हणजे बहुधा संतती. गेट फक्त सर्वांत झगझगीत पेशींवर लावतात. आणि अस्तराच्या पेशी एकट्या पडल्या की मरू लागतात. त्यांना सुटं करताना आणि पहिल्या दोन दिवसांत वाय-२७६३२ हे रॉक इनहिबिटर (हे मरण रोखणारं रसायन) दिलं नाही तर चांगला सॉर्टही वाया जातो. गंमत म्हणजे पॅनेथ पेशी शेजारी असली तर एलजीआर५ पेशी कितीतरी जोमाने ऑर्गॅनॉइड करते, हे २०११ मध्ये दिसलं. म्हणजे वर ज्या जोड्या वगळायला सांगितल्या, त्यातली एखादी जोडी हाच निसर्गातला खरा संसार असू शकतो.

याच उदाहरणाने आणखी एक जुनी समजूत मोडली. स्टेम सेल सावकाश विभागते म्हणून बीआरडीयूची (डीएनएत बसणाऱ्या रसायनाची) खूण धरून ठेवते, असं मानून ‘लेबल रिटेनिंग’ पेशी शोधल्या जात. केसाच्या मुळाजवळच्या फुगवट्यातल्या स्टेम सेलचा पत्ता १९९० मध्ये असाच लागला. पण एलजीआर५ पेशी साधारण रोज विभागतात. रक्तात तर २००७ मध्ये दिसलं की बीआरडीयू धरून ठेवणाऱ्या बहुतेक पेशी स्टेम सेल नसतात आणि बहुतेक स्टेम सेल ते धरून ठेवत नाहीत. शिवाय बीआरडीयू पाहायला पेशी मारून डीएनए उलगडावा लागतो. जिवंत पेशी हवी असेल तर एच२बी-जीएफपी (डीएनएभोवतीच्या प्रथिनाला हिरवी चमक जोडलेला) उंदीर लागतो. होक्स्ट हा डीएनएला चिकटणारा रंग बाहेर फेकणाऱ्या ‘साइड पॉप्युलेशन’ची पद्धतही तशीच: १९९६ मध्ये मार्गारेट गुडेल यांनी दाखवली, मज्जेत चालते, पण रंगाची मात्रा, पेशींची संख्या, तापमान यांतलं काहीही हललं की चित्र बदलतं. व्हेरापामिलचा (हे फेकणं थांबवणाऱ्या औषधाचा) कंट्रोल नसलेला असा आलेख मी बघतही नाही.

आता छोट्या प्रयोगशाळेचं. महाराष्ट्रात दंतमहाविद्यालयांतून आणि जैवतंत्रज्ञान विभागांतून दाताचा गर, चरबी, नाळ यांच्या मेसेनकायमल (हाड, चरबी, कूर्चा बनवू शकणाऱ्या) पेशींवर बरंच काम चालतं, आणि तुमचाही प्रकल्प त्याच वाटेने जाईल असं धरतो. इथे प्लास्टिकला चिकटलेल्या पेशी वाढवतात आणि २००६ चे निकष लावतात: सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ हे ९५ टक्क्यांहून जास्त पेशींवर, सीडी४५, सीडी३४ वगैरे २ टक्क्यांच्या आत, आणि हाड, चरबी, कूर्चा यांकडे वळण्याची क्षमता. अडचण अशी की ते तीन पॉझिटिव्ह मार्कर त्वचेच्या साध्या फायब्रोब्लास्टवरही (संयोजी ऊतीच्या पेशींवरही) असतात. आणि हजारो पेशींच्या मिश्र कल्चरमध्ये अ‍ॅलिझारिन रेडने हाडाच्या कॅल्शियमचे लाल ठिपके आणि ऑइल रेड ओने चरबीचे थेंब दिसले, तर एक पेशी दोन्ही करते की दोन वेगळ्या पेशी एकेक करतात, ते कळतच नाही. मर्यादित विरलन करून, म्हणजे एका खणात जेमतेम एक पेशी पडेल इतकं पातळ करून, एकेका पेशीपासून क्लोन वाढवा, प्रत्येक क्लोनचे तीन वाटे करा आणि तिन्ही दिशांना वळवा. वीस क्लोनपैकी किती तिन्ही करतात ते लिहा, कितीही कमी निघाले तरी. याला सॉर्टर लागत नाही. एक इनक्युबेटर, प्लेटा आणि चिकाटी लागते. फक्त पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली खण तपासून खरंच एकच पेशी आहे याची नोंद ठेवा. मानवी ऊतीसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची आणि स्टेम सेल समितीची परवानगी नमुना घेण्याआधी हवी, नंतर नाही.

पेशी वेगळी काढणं प्रत्येक वेळी गरजेचंच असतं असंही नाही. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला असलेल्या लिम्बसच्या स्टेम सेलसाठी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत लिम्बसचा तुकडाच गर्भवेष्टनाच्या पडद्यावर वाढवून प्रत्यारोपण केलं गेलं, आणि पुढे विरेंदर सांगवान यांच्या पद्धतीत तर बारीक तुकडे थेट डोळ्यावरच ठेवले जाऊ लागले. सॉर्टिंग कुठेच नाही. मोजमाप मात्र इथेही उपयोगी पडलं. इटलीतल्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णांत, ज्या कल्चरमध्ये कॉलनी करणाऱ्या पेशींपैकी पी६३ ठळक असलेल्या पेशी ३ टक्क्यांहून जास्त होत्या तिथे ७८ टक्के प्रत्यारोपणं यशस्वी झाली. त्याहून कमी असलेल्या कल्चरमध्ये फक्त ११ टक्के. पी६३ केंद्रकात असतो, त्यामुळे त्यावरून जिवंत पेशी सॉर्ट करता येत नाही. तरी सीडी क्रमांकांच्या लांबलचक यादीपेक्षा मला हा एक मार्कर जास्त कामाचा वाटतो, कारण तो रुग्णाच्या डोळ्याशी ताडून पाहिलेला आहे.

सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीतली चालू जनुकं वाचणं, केलं तर यातलं बरंच टळेल का, असंही बरेच जण विचारतात. त्यातून उमेदवारांची चांगली यादी मिळते, पुढे नवे मार्करही मिळतात. पण एन्झाइमने ऊती सुटी करतानाच पेशी फॉस, जून यांसारखी जनुकं चालू करतात. स्नायूच्या स्टेम सेलमध्ये २०१७ मध्ये हे स्पष्ट दाखवलं गेलं. त्यामुळे नकाशावर दिसणारा ‘सक्रिय स्टेम सेल’चा पुंजका हा तुमच्या कोलॅजिनेझच्या तासाभराचा परिणाम असू शकतो. पैसे खर्च करण्याआधी तीच ऊती कमी वेळ आणि जास्त वेळ अशी दोनदा पचवून साध्या क्यूपीसीआरवर (जनुक किती चालू आहे ते मोजणाऱ्या चाचणीवर) फॉस पाहून घ्या. जास्त वेळ पचवलेल्या नमुन्यात तो स्पष्ट चढलेला दिसला तर पचनाची वेळ कमी करा, थंडीत काम करणारं प्रोटिएझ वापरा किंवा पचनाच्या बफरमध्ये नवी जनुकं चालू होऊ न देणारं अ‍ॅक्टिनोमायसिन डी घाला, आणि मगच नमुना सिक्वेन्सिंगला पाठवा. अ‍ॅक्टिनोमायसिन दिलेल्या पेशी कॉलनीसाठी मात्र वापरू नका. त्यासाठी तुकड्याचा अर्धा भाग आधीच बाजूला काढून ठेवा.